पडदा सांगेल ते खरं मानायचं का?

संगणकाला मॉनिटर जोडला की क्षणभर काळोख होतो आणि मग चित्र जागच्या जागी बसतं. आडवे किती पिक्सेल, उभे किती, सेकंदाला किती वेळा चित्र रंगवायचं, अक्षरं केवढी ठेवायची, हे सगळं त्या क्षणात ठरतं. समोर बसलेल्याला कुणी काही विचारत नाही. हे असंच असावं का, यावर संगणक सांभाळणाऱ्यांत आणि त्याच्या आतला कोड लिहिणाऱ्यांत जुना मतभेद आहे. दोन्ही बाजू कामातून तयार झालेल्या आहेत, म्हणून त्या इथे संवादाच्या रूपात मांडल्या आहेत. बोलणाऱ्यांना मी मामा आणि भाची केलं आहे. मामाने नोकरीभर एका पॉलिटेक्निकची कॉम्प्युटर लॅब सांभाळली. भाची पुण्यात लिनक्सच्या डिस्प्ले ड्रायव्हरवर काम करते.

मामा : लिनक्सवर चित्र दिसण्याआधी माणसाला मॉनिटरचा अभ्यास करावा लागायचा, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. चित्र दाखवणारा एक्सफ्री८६ बसवताना प्रोग्राम विचारायचा, तुमचा मॉनिटर आडव्या रेषा किती ते किती किलोहर्ट्‌झने काढतो? पूर्ण चित्र किती ते किती हर्ट्‌झने? उत्तर मॅन्युअलच्या मागच्या पानांवर असायचं.

भाची : आणि मॅन्युअल हरवलेलं असायचं.

मामा : बऱ्याचदा. तरी अंदाज ठोकायची हिंमत व्हायची नाही, कारण प्रोग्रामच बजावायचा की मॉनिटरच्या ताकदीबाहेरचा आकडा देऊ नका. ट्यूबच्या मॉनिटरमध्ये किरण डावीकडून उजवीकडे फिरवणारं सर्किट असायचं. झेपत नाही एवढ्या वेगाने ते पळवलं तर तापायचं, जुन्या मॉनिटरमध्ये जळायचंही. मग आम्ही ६४०×४८० वर यायचो, कारण १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए आणलं तेव्हापासून ते सगळ्यांना चालत आलेलं. त्याचे आकडे अजून पाठ आहेत. पिक्सेलचा ठोका २५.१७५ मेगाहर्ट्‌झ. एका रेषेत ८०० ठोके. त्यातल्या ६४० मध्ये चित्र दिसतं, उरलेले १६० किरणाला परत डावीकडे आणण्यात जातात. एका चित्रात ५२५ रेषा, त्यातल्या ४८० दिसतात. भागाकार कर. रेषांचा वेग ३१.४७ किलोहर्ट्‌झ येतो आणि चित्राचा ५९.९४ हर्ट्‌झ. एवढं डोक्यात बसलं की पुढच्या रिझोल्यूशनची ओळ स्वतः मांडता यायची. या आकडेमोडीवर एरिक रेमंडने सांभाळलेली एक मार्गदर्शिका होती, ती छापून लॅबमध्ये टांगली होती. मुलं वहीत गणित करायची आणि पडद्यावर उत्तर बघायची.

भाची : किती मुलं, मामा?

मामा : ज्यांना गोडी होती ती.

भाची : माझा आक्षेप तिथेच आहे. ज्यांना गोडी नव्हती, इंग्रजी मॅन्युअल वाचायचा धीर नव्हता, ज्यांना फक्त अर्ज टाईप करून घरी जायचं होतं, ती माणसं धूसर, लुकलुकणाऱ्या पडद्यासमोर बसून राहिली. मॉनिटर काय करू शकतो हे मॉनिटरच्या कारखान्याला ठाऊक असतं. ती माहिती कागदावर छापायची, माणसाने ती शोधून संगणकाला परत टाईप करून सांगायची, आणि एक आकडा चुकला तर यंत्र जळण्याची भीती बाळगायची. या सगळ्यात माणसाचं काम नेमकं काय होतं? निरोप पोचवणं. तो निरोप तारेने जाऊ शकतो.

मामा : तारेने जातो हे मान्य. पण कसा जातो ते सांग, मग बोलू.

भाची : व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी काही पिना सुरुवातीपासून मॉनिटरची ओळख सांगण्यासाठी ठेवलेल्या होत्या. पण त्या नुसत्या जमिनीला जोडलेल्या किंवा मोकळ्या सोडलेल्या असायच्या, त्यामुळे मॉनिटर रंगीत की एकरंगी, असलंच ढोबळ काही कळायचं. १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने त्यासाठी रीतसर बोली ठरवली. बारा आणि पंधरा नंबरच्या पिनांवर दोन तारांची आय-टू-सी जोडणी आणि मॉनिटरमध्ये एक बारकी मेमरी चिप. नऊ नंबरच्या पिनेतून संगणकच त्या चिपला पाच व्होल्ट देतो, म्हणून मॉनिटर बंद असला तरी माहिती वाचता येते. पुढच्या वर्षी विंडोज ९५ आलं आणि जोडलेलं यंत्र आपणहून ओळखणं ही सगळ्यांची अपेक्षा झाली. आज एचडीएमआयमध्येही याच दोन तारा आहेत, फक्त पिनांचे नंबर पंधरा आणि सोळा.

मामा : आणि त्या चिपमध्ये?

भाची : १२८ बाइट. याला ईडीआयडी म्हणतात. पहिले आठ बाइट ठरलेले असतात, ते दिसले की समजायचं ईडीआयडी सुरू झाला. मग दोन बाइटमध्ये कंपनीची तीन अक्षरं, प्रत्येक अक्षराला पाच बिट. एलजीचा मॉनिटर आजही तिथे जीएसएम असं सांगतो, कारण ती कंपनी आधी गोल्डस्टार होती. मग मॉडेलचा नंबर, सिरियल नंबर, कितव्या आठवड्यात बनला, कोणत्या साली. साल लिहिताना त्यातून १९९० वजा करतात. मग पडद्याची रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, रंगांचे गुणधर्म, चालणारी रिझोल्यूशन्स. त्यानंतर अठरा बाइटचे चार कप्पे. पहिल्या कप्प्यात मॉनिटरला सगळ्यात मानवणारी वेळ लिहिलेली असते. तू वहीत मांडायचास तीच ओळ, ठोका, रेषा, सगळं. तुझी विद्या वाया गेलेली नाही, ती चिपमध्ये भरून येते. शेवटचा बाइट असा निवडतात की सगळ्या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागलं की बाकी शून्य उरावी.

मामा : म्हणजे हा स्थळाचा बायोडेटा झाला. लिहिणारा मुलाकडचाच.

भाची : पण बेरीज तपासतो ना आपण.

मामा : बेरीज जुळली म्हणजे मजकूर वाटेत बिघडला नाही, एवढंच सिद्ध होतं. मुळात चुकीचं लिहिलं असेल तर चुकीच्याचीही बेरीज जुळते. तुझं यंत्र मॉनिटरला विचारतं आणि मॉनिटर म्हणेल ते मानतं. मी मॅन्युअल वाचायचो, पण समोरचा पडदाही बघायचो. कडा कापली गेली, अक्षर थरथरलं, की आकडा बदलायचो. शेवटचा पुरावा डोळा होता.

मामाचा हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. ईडीआयडी वाचणारा कोड वर्षानुवर्षं सुधारत गेला आहे, पण त्याच्यासमोर येणारी माहिती उत्पादकाने कारखान्यात एकदा भरलेली असते. ती भरताना कुणी घाई केली, जुन्या मॉडेलची फाईल तशीच उचलली, तर ती चूक त्या मॉडेलच्या प्रत्येक नगाबरोबर घरोघर जाते. त्यानंतर ती दुरुस्त करायची जागा एकच उरते, वाचणाऱ्याकडची.

भाची : चुका होतात हे मी नाकारत नाही. मी रोज बघते. लिनक्स कर्नलमध्ये ईडीआयडी वाचणाऱ्या फाईलच्या सुरुवातीलाच अशा मॉनिटरांची यादी आहे. कंपनीची तीन अक्षरं, मॉडेलचा नंबर, आणि पुढे त्याची खोड. कुणी अठरा बाइटच्या कप्प्यात मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर लिहिले. कुणी झेपणार नाही एवढा ठोका लिहिला. कुणाचा पहिला कप्पा भलताच, म्हणून साठ हर्ट्‌झचं सगळ्यात मोठं चित्र निवडायचं. डोक्याला लावायचे व्हीआर चष्मेही त्या यादीत आहेत, कारण ते स्वतःला मॉनिटर म्हणवतात आणि संगणक त्यांच्यावर डेस्कटॉप पसरायला जातो.

मामा : मग हे हाताने लिहिणंच झालं की. मी एका लॅबसाठी लिहायचो, तुम्ही सगळ्या जगासाठी लिहिता.

भाची : हो, आणि तेच चांगलं आहे. एकाने एकदा लिहिलं की पुढच्या माणसाला तो त्रास होत नाही. तुझी दुरुस्ती त्या एका संगणकाच्या फाईलमध्ये राहायची. मॉनिटर बदलला की ती फाईल कुचकामी. उलट नव्या मॉनिटरला जुन्याचे आकडे पाठवून पडदा काळा करायची. लॅपटॉप घरी एका पडद्याला, ऑफिसात दुसऱ्याला, सभागृहात प्रोजेक्टरला लागतो. किती फाईली लिहिणार? २००७ मध्ये एक्सच्या सर्व्हरमध्ये नवं रँडर आलं आणि चालू सेशनमध्ये पडदा जोडणं-काढणं सरळ झालं. २००९ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी रिझोल्यूशन लावायचं काम कर्नलमध्येच गेलं. तेव्हापासून बहुतेक संगणकांवर ती फाईल लागतच नाही.

मामा : बरं, आता टीव्हीचं सांग. परवा एकाने घरचा टीव्ही संगणकाला लावला आणि म्हणाला, सगळी अक्षरं दुप्पट मोठी झाली.

भाची : तो टीव्ही बहुधा आपलं माप १६० बाय ९० मिलिमीटर सांगत असणार. हा नेहमीचा प्रकार आहे. उत्पादकाने पडद्याचं माप न भरता १६:९ हे नुसतं प्रमाण भरलेलं असतं. संगणक ते खरं धरतो. १६० मिलिमीटर म्हणजे ६.३ इंच. त्यात १९२० पिक्सेल बसवले की इंचाला ३०५ येतात. एवढा बारीक पडदा असेल तर अक्षरं मोठी करायलाच हवीत, म्हणून तो मोठी करतो. खरं तर ३२ इंची टीव्हीवर इंचाला जेमतेम सत्तर पिक्सेल असतात. ग्नोममध्ये ही संशयास्पद मापं ओळखून दुर्लक्षित करायचा नियमच घातला आहे. प्रोजेक्टरचं तर माप शून्य असणंच बरोबर, कारण भिंत किती लांब आहे हे त्याला कसं कळणार?

मामा : १३६६ चं काय? स्वस्त मॉनिटर आणि लॅपटॉप बरीच वर्षं १३६६×७६८ चे होते. आमच्याकडे काही संगणक हटकून १३६० दाखवायचे.

भाची : ते ईडीआयडीच्या रचनेतच आहे. रिझोल्यूशनची जी आखूड यादी आहे तिथे रुंदीला एकच बाइट मिळतो. त्यात ३१ मिळवून आठने गुणायचं. म्हणजे रुंदी आठच्या पटीतच हवी. १३६६ ला आठने भाग जात नाही. मग मॉनिटर १३६० सांगतो किंवा १३६८. कर्नलमध्ये त्यासाठी वेगळी डागडुजी आहे, १३६८×७६८ दिसलं की ते १३६६ करायचं.

मामा : आणि १३६० राहिलं तर सहा पिक्सेल गेले म्हणून तुला वाटेल काही बिघडलं नाही.

भाची : बिघडतं. मॉनिटर १३६० चं चित्र १३६६ वर ताणतो.

इथे मला मराठी वाचणाऱ्याच्या बाजूने थोडं थांबावंसं वाटतं. पॅनेलच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा वेगळं चित्र आलं की प्रत्येक रेघ दोन पिक्सेलांच्या मध्ये कुठेतरी पडते आणि दोघांत वाटली जाते. १३६० चं १३६६ झालं तर ताण फक्त आडवा असतो, त्यामुळे शिरोरेषा शाबूत राहते आणि काने काही ठिकाणी जाड, काही ठिकाणी फिके होतात. उभा ताण आला की शिरोरेषेवर संकट येतं. मॉनिटरची माहिती मिळालीच नाही तर लिनक्सचं कर्नल १०२४×७६८ वर येऊन थांबतं. पॅनेल १९२०×१०८० चं असेल तर उभा ताण १.४ पट. एका पिक्सेलची शिरोरेषा कुठे एका ओळीत गडद, कुठे दोन ओळींत करडी. आडवा ताण १.८७५ पट, म्हणजे अक्षरं उंचीच्या मानाने एक तृतीयांशाने फुगलेली. रोमन मजकूर अशा पडद्यावर कुरूप दिसतो, पण वाचता येतो. देवनागरीत वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर, उकार अक्षराच्या खाली, आणि जोडाक्षरात दोन-तीन व्यंजनं एकाच जागेत कोंबलेली. ‘द्व’ आणि ‘द्ध’ यांतला फरक दोन-तीन पिक्सेलांचा असतो. तो पुसला की शब्द अंदाजाने वाचावा लागतो. दिवसभर मराठीत टंकलेखन करणाऱ्या माणसाचे डोळे का दुखतात, याचं कारण पुष्कळदा केबलमध्ये असतं.

मामा : केबलमध्येच असतं. आमच्या सभागृहात संगणक कोपऱ्यात, प्रोजेक्टर छताला, मधे लांब व्हीजीए केबल आणि एक स्प्लिटर. स्प्लिटर बारा आणि पंधरा नंबरच्या पिना पुढे नेतच नव्हता. संगणकाला प्रोजेक्टर दिसायचा, पण प्रोजेक्टर कोण ते कळायचं नाही. दर कार्यक्रमाला १०२४×७६८. पाहुणे यायचे, स्लाइड ताणलेली दिसायची आणि सगळे म्हणायचे प्रोजेक्टर जुना झाला. नवा प्रोजेक्टर घेण्याचा प्रस्तावही गेला होता. संगणकाने एका ओळीत तरी सांगायला हवं होतं की मला उत्तर मिळालं नाही, मी अंदाजाने चालवतोय. तो गप्प बसला. माझा राग या गप्प बसण्यावर आहे. विचारण्यावर माझा राग नाही.

भाची : लॉगमध्ये लिहिलेलं असतं ना.

मामा : लॉग कोण बघतो? सभागृहात माईक लावणारा मुलगा?

भाची : ...नाही बघत.

मामा : पूर्वी आकडा चुकला तर तो माझा आकडा आहे हे मला माहीत असायचं. आता आकडा कुणाचा आहे तेच कळत नाही. मॉनिटरने सांगितलेला, यादीतून दुरुस्त केलेला, की काहीच न मिळाल्याने धरलेला? तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात.

भाची : दुरुस्त करायची साधनं गेलेली नाहीत. सीव्हीटी नावाची कमांड तुझी जुनी ओळ आपोआप तयार करून देते. एक्सरँडरने ती लावता येते. चांगल्या मॉनिटरचा ईडीआयडी फाईलमध्ये साठवून, बूट होताना कर्नलला सांगता येतं की या सॉकेटवर ही फाईल खरी मान. स्प्लिटरवाल्या सभागृहाला तो रामबाण उपाय आहे.

मामा : एक्सऐवजी आलेल्या वेलँडवर एक्सरँडरची चाल चालते?

भाची : नाही. तिथे मोड लावणं खिडक्या जुळवून चित्र बनवणाऱ्या कंपोझिटरच्या हातात असतं. काही कंपोझिटर वेगळा मोड लिहू देतात, काही देत नाहीत. मग कर्नलच्या ओळीतच लिहावं लागतं.

मामा : म्हणजे रूटचा पासवर्ड, बूटलोडर, रीस्टार्ट. मी हे काम सेटिंग्जमधून करायचो म्हणत नाही, मीही फाईलच उघडायचो. पण तू मघाशी मला विचारलंस, किती मुलं? आता मी विचारतो. आज ही दुरुस्ती किती जण करतील?

भाची काही वेळ बोलली नाही. तिच्या बाजूने एक सांगायला हवं. सेटिंग्जमध्ये जेवढे पर्याय वाढतात तेवढे चुकीचे दाबले जातात, आणि चुकीचं दाबल्यावर पडदाच गेला तर माणूस दुरुस्ती कुठे करणार? पर्याय लपवणाऱ्यांनी ते आळसाने लपवलेले नाहीत. मदत मागणाऱ्या असंख्य लोकांशी बोलून ते त्या निष्कर्षाला आलेत. तरीही मला वाटतं की त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या. पर्याय कमी ठेवणं ही एक गोष्ट. कशावरून काय ठरवलं हे न सांगणं ही दुसरी. पहिलीसाठी कारण आहे. दुसरीसाठी मला कारण सापडत नाही.

भाची : ट्यूबच्या काळात उघड पर्याय धोक्याचा होता, हे तरी मानशील?

मामा : मानतो. पण आता कुठे आहे तो धोका? एलसीडीला झेपत नाही ते दिलं तर तो ‘आऊट ऑफ रेंज’ लिहून गप्प बसतो. जळत नाही. आणि बदल पसंत आहे का हे विचारून, उत्तर आलं नाही तर काही सेकंदांत आधीच्या चित्रावर परत जायची सोय तुमच्याकडे आहेच. एवढं कुंपण असताना दार बंद का?

भाची : दार उघडावं असं मलाही वाटतं, पण पूर्ण नाही. आकडे टाईप करायची चौकट मी सगळ्यांपुढे ठेवणार नाही. डिस्प्लेच्या पानावर मॉनिटरच्या नावाखाली एक ओळ मात्र नक्की ठेवेन. मॉनिटरकडून माहिती मिळाली, की मिळाली नाही. मिळाली नसेल तर केबल किंवा स्प्लिटर तपासा. एवढंच लिहिलं असतं तर तुमचा प्रोजेक्टरचा प्रस्ताव गेला नसता.

मामा : आणि माप खोटं असेल तर? १६० बाय ९० सारखं?

भाची : तिथे माप दाखवायचं. ‘पडद्याची रुंदी १६ सेंटिमीटर’ असं वाचलं की कुणालाही कळेल की हे बरोबर नाही. पट्टी घेऊन मोजायचं आणि दुरुस्त करायचं. माप दुरुस्त केल्याने पडदा काळा होत नाही, तेव्हा ते उघडं ठेवायला हरकत नाही.

मामा : हे मला पटलं. मापाचा अधिकार समोर बसलेल्याला, वेळेचा अधिकार यंत्राला.

भाची : वेळेचाही द्यावा लागेल कधीकधी. ईडीआयडीचा साचा जुना आहे. त्या अठरा बाइटच्या कप्प्यात ठोक्याला सोळा बिट, दहा किलोहर्ट्‌झच्या पटीत. म्हणजे ६५५.३५ मेगाहर्ट्‌झच्या वर लिहिताच येत नाही. ४-के पडदा साठ हर्ट्‌झने ५९४ मध्ये बसतो. ५-के बसत नाही. सुरुवातीचे ५-के मॉनिटर दोन केबलांनी जोडलेले, दोन अर्धे पडदे म्हणून ओळख सांगणारे होते. आता डिस्प्लेआयडी नावाचा मोठा साचा आहे, पण जुना ईडीआयडीही सोबत असतोच, आणि दोघांत विसंगती निघाली की कुणाचं मानायचं हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं. ते ठरवतानाही आम्हाला माणसाचा डोळाच लागतो. कुणीतरी कळवावं लागतं की चित्र चुकतंय.

मामा : कळवायचं कसं? ‘दिसत नाही’ एवढं लिहून तुम्हाला उपयोग नसणार.

भाची : ईडीआयडीची फाईल पाठवायची. लिनक्सवर ती सिस्टिमच्या डीआरएम फोल्डरमध्ये प्रत्येक सॉकेटखाली असते. वाचायला रूट लागत नाही. ईडीआयडी-डिकोड नावाच्या प्रोग्रामला दिली की सगळा मजकूर उलगडून, कुठे नियम मोडला तेही सांगतो. एक लक्षात ठेव, त्यात मॉनिटरचा सिरियल नंबर असतो. सार्वजनिक ठिकाणी टाकण्याआधी तो बघून घ्यायचा.

मामा : सभागृहातला तो स्प्लिटर अजून तिथेच आहे. निवृत्त झालो तरी चावी मागितली तर देतात. सोमवारी जाऊन काढतो.

भाची : स्प्लिटरमधून लावल्यावर फाईल रिकामी मिळेल, तरी ती घे. मग स्प्लिटर काढून प्रोजेक्टर थेट जोड आणि दुसरी घे. केबलही बदलून बघ, दोष स्प्लिटरचा की केबलचा हे तेव्हाच कळेल. सगळ्या फाईली नाव घालून पाठव.